गाजरगवताचा गॅस

१० जून १९८०
अखेर ठरलं. गाजरगवत! निगडी प्राधिकरणातले सगळे मोकळे प्लॉट त्याने भरलेत, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. ते कुजवून गॅस करायचा, आणि त्याचाच काढा करून औषध. चूल आणि दवाखाना, दोन्ही घरच्या घरी. कंपनीच्या लॅबमध्ये ग्रीस तपासायला मी बी.एस्सी. बॉटनी केलं नव्हतं. बिनपगारी रजा टाकली. अरुंधती रॉकेलच्या रांगेतून आली आणि म्हणाली, आधी परसातलं ते गवत उपटा, मला शिंका येतात. बायकोला रिसर्च समजावणं कठीण.

२१ जून
चिंचवडच्या हनीफ वेल्डरकडून टाकी आणली. म्हणाला, साहेब, बॅरल जोडून देतो, गॅस येईल का ते मला विचारू नका. सायंटिफिक वृत्तीच नाही लोकांत.
परसात गवताचे वाफे केले. शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. शेजारच्या गोजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, आमचा जल्म ह्ये उपटन्यात गेला, आन् तुमी पानी घालताय व्हय? हसत सुटल्या. हसू देत.

६ जुलै
वाफ्यातलं गवत मेलं. वाटेवरचं कमरेएवढं झालं. बहुतेक खताचा डोस चुकला.
टाकीतून नुसता वास. प्रगती आहे.
अरुंधतीला दम लागतो. पावसाळी हवा, दुसरं काय. गवताचा काढा दिला. फार कडू आहे, म्हणजे गुणकारी असणार. तिने ओकून टाकला.

२८ जुलै
मेव्हणा सुरेंद्र अरुंधतीला दापोडीला आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या ओळखीचे डॉक्टर म्हणतात, दमा या गवतानेच. एम.बी.बी.एस. माणसाला बॉटनी काय कळणार? जाताना ती पुन्हा म्हणाली, उपटा हो. फुलोरा आत्ता कुठे आलाय. आत्ता उपटलं तर अख्खा सीझन फुकट.

११ ऑगस्ट
दापोडीला जाऊन आलो. अरुंधती ठणठणीत! काढ्याचा गुण. जरा उशिरा लागू पडतो, इतकंच. मी शेजारी बसलो आणि तिला परत खोकला. मला पाहून गलबलली असावी. सुरेंद्र म्हणाला, भावोजी, ते गवत तुमच्या कपड्यांना चिकटून येतं, पुढच्या वेळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून या. सुरेंद्र कॉमर्सचा आहे.

३० ऑगस्ट
गॅस पेटला!! काडी लावली आणि भप्पकन जाळ. भुवया गेल्या. मग विझला तो विझलाच. दूध कच्चंच राहिलं. दाखवायला घरात कोणी नाही, म्हणून गोजाबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, आदी बाईस्नी घरी आना. विषयांतर.

१४ सप्टेंबर
छातीत घुरघुर. आडवं झालं की श्वास अडकतो. योगायोग. तरी सगळं गवत उपटून जाळलं. प्रयोग बंद नाही, स्थगित. टाकी हनीफ परत घेऊन गेला, पाण्याला वापरतो म्हणाला. पुढच्या रविवारी अरुंधतीला आणणार. नाही म्हणायला आता तिच्याकडे कारणच उरलेलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
आंघोळ केली, कोरा शर्ट घातला, दापोडीला गेलो. बराच वेळ शेजारी बसलो, अरुंधती एकदाही खोकली नाही. म्हटलं, गवत गेलं, चल आता. तिने विचारलं, डॉक्टरांचं पटलं का? म्हटलं, छे, मलाच दम लागायला लागला. खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, मला लागत होता तेव्हा नाही उपटलंत.
चहा केला तिने. कप हातात देताना म्हणाली, इथल्याच शाळेत नोकरी धरली आहे, माझ्या साड्या सुरेंद्र येऊन नेईल.
एकटाच परत आलो. घरातली हवा आता अगदी स्वच्छ आहे.