सहाशे एक्केचाळिसावे चित्र

मी, खुशाल नत्थुजी तायडे, वय अडुसष्ट, धंदा पाट्या रंगवणे (आता बंद), राहणार अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मी नशापाणी केलेले नाही आणि कोणी धाकदपटशा दाखवून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. फक्त मला भीती वाटते. वकीलसाहेब म्हणाले, "तायडे, हे वाक्य काढा, कागद कच्चा होते." पण मग खोट्यावर सही कशी करू? येत्या सोमवारी, १७ तारखेला, अकोल्याच्या एका दवाखान्यात माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचे काहीच कारण नाही. हे वाक्य ऐकून धीर आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा करायला बसलो होतो, 'मृत्यु' एवढे लिहून उठलो.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि मागचे टिनाचे शेड, माझी पत्नी मैनाबाई हिला. तिच्या हयातीत ते विकण्याची गोष्ट कोणी काढू नये. तिच्यामागे मुलगा प्रीतम याला.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मैनाबाईला. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

कलम ३. रंग, शिडी आणि ब्रश प्रीतमने हवे तर ठेवावेत, नाहीतर एखाद्या गरजू पेंटरला द्यावेत. बारा नंबरचा ब्रश त्यात सापडणार नाही. तो शेजारी जानराव यांनी "उद्याच आणून देतो" असे म्हणून नेला आणि त्याच ब्रशाने घराला चुना मारला. जानराव या कागदावर साक्षीदार आहेत. सही करण्याआधी त्यांनी हे कलम वाचावे. माझी तक्रार नाही, पण नोंद राहावी.

कलम ४. आता माझी खरी जिनगी. फ्लेक्स आल्यावर माझ्या पाट्या बंद पडल्या. तेव्हापासून, गेली चौदा वर्षे, मी लहानपणी पाहिलेल्या सिनेमांतले आवडते प्रसंग हाताने काढतो. एका सेकंदाला बारा चित्रे. नात प्रणाली प्रत्येक चित्राचा मोबाईलवर फोटो घेते आणि ते एकामागे एक पळवते, की कागदावरचा माणूस चालू लागतो. सिनेमात होते तसे मी काढत नाही, मला पाहिजे होते तसे काढतो. बर्फात गाणारा नायक माझ्याकडे राजकमल चौकात सायकलवर गातो आणि मागून ट्रॅफिक पोलीस शिट्टी मारतो. स्टेशनावर रडत बसलेल्या नायिकेला मी बडनेऱ्याच्या फलाटावर बसवले आणि हातात दह्यात भिजलेल्या गिल्या वड्याची बशी दिली. त्रेसष्टाव्या चित्रात तिचे रडणे थांबते.

या दोन प्रसंगांच्या चित्रांची दोन्ही गाठोडी प्रणालीला. प्रीतमने त्यांना कम्प्युटरवर रंग देऊ नये. "बाबा, दोन मिन्टात होते," असे तो म्हणतो. दोन मिनिटांत होते म्हणूनच नको.

लोखंडी पंचिंग मशीनही प्रणालीला. कागदाला भोके त्याच मशीनने पाडावीत, म्हणजे काचेच्या टेबलावरच्या खिळ्यांत प्रत्येक कागद जागच्या जागी बसतो. मागच्या वर्षी ते सापडेना म्हणून शिवमच्या झेरॉक्सच्या दुकानातून दुसरे आणले, तर भोके केसभर सरकली आणि चाळीस चित्रांत नायक उभ्या उभ्या लटलट कापला. प्रणाली म्हणाली, "आबा, हा बी तुमच्यासारखा भेला काय?" पोरगी तोंडाची तिखट आहे. तिचे लाड करावेत.

कलम ५. तिसरे गाठोडे अपुरे आहे आणि मी हा कागद त्याच्यासाठीच करतो आहे. माझे वडील अंजनगाव सुर्जीला तंबूतल्या टॉकीजचे बोर्ड रंगवीत, म्हणून आम्हा भावंडांना आत फुकट सोडत. मी दहा वर्षांचा, बहीण भागीरथा तेरा. एका भुताच्या सिनेमाला आम्ही सात वेळा गेलो. त्यात एक बाई कंदील घेऊन जिना चढते. वर बंद दार असते. ती कडी काढते. पुढे काय होते ते मला ठाऊक नाही, कारण सातही वेळा मी डोळे मिटले. कडीचा आवाज, दाराची करकर, पेटीचा एक लांब सूर आणि मग तंबूभर बायांची किंकाळी, एवढाच तो प्रसंग माझ्याजवळ आहे.

तरी माझा सर्वांत आवडता प्रसंग तोच. मैनाबाई विचारते, "ज्याचं भेव वाटते तेच काहून काढता?" मी पेन्सिलीला टोक काढतो. जिना काढला, कंदील काढला, भिंतीवर हलणारी सावली काढायला एक अख्खा उन्हाळा गेला. सहाशे चाळिसाव्या चित्रात दार बोटभर किलकिले झाले आहे. तिथे तीन वर्षे झाली. पेन्सिल टेकवली की हाताला घाम सुटतो आणि कागद ओला होतो. प्रणालीने तो सिनेमा मोबाईलवर शोधून आणला, तेव्हा मी चपला न घालता रस्त्यावर निघून गेलो होतो. कोणी हसले तरी हरकत नाही.

कलम ६. भागीरथा, आता भागीरथा देवमन वानखडे, राहणार अकोला, हिने तो प्रसंग सातही वेळा उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे. मी तिच्या दंडाला धरून बसत असे. ती बसली आहे म्हणजे निभावेल, असे मला वाटे. ती काही सांगू लागली की मी कानांत बोटे घाली. प्रीतमच्या लग्नात, भर पंगतीत, तिने "त्या दाराच्या मांगं" असे सुरू केले आणि मी भरल्या ताटावरून उठलो. तेव्हापासून एकोणीस वर्षे आमचे बोलणे नाही. चूक तिचीच होती.

तरीही लिहून ठेवतो की, मी ऑपरेशनातून उठलो नाही तर तिसरे गाठोडे भागीरथाचे. तिने पाहिलेले प्रणालीला सांगावे आणि प्रणालीने ते काढावे. मी नसताना ते दार उघडलेले बरे.

कायद्याला कामाचे नाही, पण लिहितो. सोमवारी मला गुंगीचे इंजेक्शन देतील आणि माझे डोळे मिटतील. आजवर मी ते स्वतः मिटले आणि स्वतःच उघडले. या वेळी उघडणे माझ्या हातात नाही. मला मरणाची फार भीती वाटते. हे मी मैनाबाईलाही सांगितलेले नाही. ती हा कागद वाचेल तेव्हा तिला कळेल.

कलम ७. (वरील मजकूर बुधवारी लिहिला. हा आज, शुक्रवारी.) मैनाबाईने कागद बुधवारीच वाचला. मला न विचारता भागीरथाला फोन केला. काल दुपारच्या बसने भागीरथा आली. फार वाळली आहे. पाणी प्यायली, चष्मा लावला, सहावे कलम दोनदा वाचले आणि म्हणाली, "हे खोडून टाक."

"काहून?"

"मले नाही माईत आत काय होतं ते. मी बी डोये मिटले होते."

"सातही खेपा?"

"सातही खेपा. तू माह्या दंडाले धरून बसे. मले कोन धरून बसलं होतं?"

"मंग लग्नात काय सांगून राहिली होती?"

"तेच तं सांगून राहिली होती! का बापा, त्या दाराच्या मांगचं म्याही नाही पाह्यलं. तू आयकलं कुठी? ताट सोडून पयाला."

अठ्ठावन्न वर्षे माझा एकच भरवसा होता, की आपल्या माणसांपैकी एकीने तरी ते पाहिले आहे आणि पाहूनही ती धडधाकट आहे. तो भरवसा गेला. मला तिचा राग आला, पण टिकला नाही. एकोणीस वर्षांच्या अबोल्याचा दोष आता माझ्या अंगावर आला होता, आणि ती पाण्याचा रिकामा गिलास अजून हातात घट्ट धरून बसली होती. कलम ६ मधले "चूक तिचीच होती" हे वाक्य मी मागे घेतो.

आज सकाळी मी टेबलाच्या काचेखालचा दिवा लावला आणि कोरा कागद खिळ्यांवर बसवला. भागीरथा शेजारी बसली. कागदावर अजून रेघही नव्हती, तरी तिने डोळे गच्च मिटले आणि माझा डावा हात धरला. मलाही मिटावेसे वाटले. पण डोळे मिटून चित्र निघत नाही. मैनाबाईने दोनदा गोळी विचारली.

"काय हाये आत?" भागीरथाने विचारले.

"थांब. काढून राहिलो."

पेन्सिलीने अंधार भरायला वेळ लागतो. जेवणवेळेपर्यंत तो भरून झाला. दार आता पुरते उघडे आहे. आत मी अजून कोणाला काढलेले नाही. भीती तसूभरही कमी झालेली नाही, आणि मी पूर्ण वेळ बघत होतो.

कलम ८. सबब कलम ६ रद्द समजावे. पहिल्या दोन गाठोड्यांची, घराची आणि सामानाची वाटणी वर लिहिल्याप्रमाणे कायम आहे. तिसरे गाठोडे, चित्र क्रमांक एक ते सहाशे एक्केचाळीस, मी या मृत्युपत्रातून वगळत आहे. ते कोणालाही दिलेले नाही. ते मला पाहिजे आहे.

येथपर्यंतचे सर्व मी लिहिले, वाचले आणि साक्षीदारांना वाचून दाखवले.

(सही) खुशाल नत्थुजी तायडे

आमच्या समोर सही केली, आम्हीही त्यांच्या समोर केली:
१. (सही) जानराव महादेव इंगळे, शेजारी
२. (सही) शिवम देवराव गावंडे, झेरॉक्स दुकानदार

अमरावती, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५