गुडघ्यापर्यंत साधी काच

सोमवार, ३ नोव्हेंबर

बाथरूमचं दार आज काढलं एकदाचं! पहारीच्या खुणा बघून सुतार म्हणाला, "चोर शिरला हुता काय वैनी?" चोर कसला — नवरा आत पडला होता. आतून कडी, यांना फिट आलेली, मी बाहेर बोंबलतेय. शेजारच्या नानासोंनी दार फोडलं तेव्हा यांचं तोंड निळं पडलं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा कधीही फिट येईल. एकटं सोडायचं नाही. म्हणून नवं दार बिनकडीचं. आत शॉवरपुढे काच, धरायला दांडा. मी अलीकडे कोरड्यात स्टूल टाकून बसणार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काचेवरून भांडण. मला आरपार हवी, यांना दुधी. "मला शोकेसमदी बसवतीस व्हय?" म्हणाले. बंडीशिवाय हा माणूस पोरांनीसुद्धा कधी पाहिला नाही. पण दुधी काचेमागे पडले तर मला काय दिसणार? कपाळ माझं!

शनिवार, ८ नोव्हेंबर

काचवाला नियाज माप घेऊन गेला. त्याने तोड काढली, "साधी काच बसवतो, वरनं पायजे तेवढी दुधी फिल्म चिकटवतो." हे लगेच, "खालनं छातीपातुर लाव." मी ओरडलेच — अहो, पडलेला माणूस खालीच असतो ना! शेवटी तह झाला. गुडघ्यापासून गळ्यापर्यंत दुधी, खाली साधी. म्हणजे मला पावलं दिसणार. तेवढी पुरेत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काच बसली. सिलिकॉन वाळेपर्यंत पाणी नको म्हणाला नियाज. हे काचेपुढून गेले, पण वळून बघितलंसुद्धा नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

रोज सकाळी स्टूलवर बसून पावलं बघते. टाचांना किती भेगा! उजवा अंगठा वाकडा आहे हे इतक्या वर्षांच्या संसारात मला माहीतच नव्हतं. पाऊल जरा सरकलं तरी मी स्टूलवरून उठते. वॉचमनची नोकरी लागली म्हातारपणी!

बुधवार, १९ नोव्हेंबर

बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले होते. तिथले पुजारी उपाध्ये यांची चौकशी करत म्हणाले, "शांतिनाथअण्णा अभिषेकाला आत का येत न्हाईत? गाभाऱ्याभायेर हुबं ऱ्हात्यात आन् जात्यात."

मला काही कळेना. देवाचा अभिषेक म्हणजे यांचा जीव. न्हाल्याशिवाय मूर्तीला हात लावायचा नाही हे खरं, पण रोज माझ्या डोळ्यांदेखत न्हाऊन तर जातात! मग?

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज कळलं. शॉवर चालू, पाणी समोरच्या भिंतीवर. आणि पावलं मागे कोपऱ्यात. कोरडी ठाक! मी मेली रोज पावलं उभी आहेत एवढंच बघत होते. ओली आहेत का, हे पाहिलंच नाही.

साडीसकट आत गेले. हे दांडा धरून लटपटत होते. "डोक्यावर पाणी पडलं की त्या दिवशीसारखं वाटतंय गं. लय भ्या वाटतंय." आणि मी समजत होते, लाज! देवाला खोटं चालत नाही म्हणून बाहेर थांबत होते बिचारे, पण मला सांगवलं नाही.

"डोळे मीट," म्हणाले. मिटले. डोळे मिटूनच तांब्याने कोमट पाणी घातलं, डोक्यावरून. दोघंही रडलो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज न्हाले. चक्क डोक्यावरून! सोवळं नेसून निघाले. दारात थांबून म्हणाले, "आज कलश मी घेणार." किती दिवसांनी हसले! बरं वाटलं. आता काच लख्ख पुसून काढते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

शुक्रवारी गाभाऱ्यातच यांना फिट आली. कलश हातात होता. डोकं दगडी पायरीवर आपटलं. मी इकडे काच पुसत होते.

शेवटची अंघोळ अंगणात घालायची रीत. पाट मांडलेला, पाणी तापलेलं, सगळी गल्ली जमलेली. मी म्हटलं, इथं नाही. आत न्या.

भावकीतल्या पुरुषांनी आत नेलं. दाराला कडी नाही. मी बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिले.