माउलीला न्यायचा पाय

माय, उद्या मी वांद्र्याला चालले आहे. सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत, असा एका दिवसाचा बेत. तू आखला होतास तसाच, फक्त मी आता ठाण्याला लेकीकडे राहते, म्हणून मोटार नको, रात्रीची गाडी नको, दशम्या नकोत. लेक म्हणाली, "तुला मोतमाउली कुठून आठवली गं एकदम?" मी म्हटलं, समुद्र बघायचाय. खरं सांगायचं तर वाशीमच्या बाजारापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिला ऑफिसला उशीर होत होता.

बाजारात तू वांगी, मेथी, सांभार, म्हणजे इथली कोथिंबीर, घेऊन बसायचीस, मी मागे गोणपाटावर. दवाखान्यातली नर्सबाई तुझं ठरलेलं गिऱ्हाईक. वसईकडची किरिस्ताव बाई, पण बोलायची आपल्यासारखी मोकळी. मला सातवं लागलं होतं तेव्हा एकदा तिने माझा डावा पाय पाहिला. जन्मापासून आत वळलेला, अंगठा दुसऱ्या पायाकडे तोंड करून बसलेला. ती म्हणाली, "मुंबईला वांद्र्यात समुद्राकाठी टेकडीवर आमची मोतमाउली आहे, आमच्या देवाची आई. सगळ्या जातीचे लोक येतात. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं करून तिच्यापुढे ठेवतात, हात असो, पाय असो. तिथे दुकानात मिळतं." तू सांभार तोलता तोलता थांबलीस. मग म्हणालीस, "दुकानातला पाय कोनाचा म्हनाव? माह्या पोरीचा थोडाच." नर्सबाई हसली. तू हसली नाहीस. मेडशीच्या जंगलातून मध आणणारा म्हातारा तुझ्या शेजारी बसायचा, त्याला त्याच दिवशी भाजी देऊन मेण मागून ठेवलंस.

तेव्हापासून आपल्या चुलीपाशी त्या एका दिवसाची आखणी सुरू झाली. तू भाकर थापते आहेस आणि बोलते आहेस. सकाळची मोटार, मालेगाव, मेडशी, पातूर, दुपारी अकोला. संध्याकाळची गाडी, सकाळी मुंबई. पायऱ्या चढायच्या, पाय ठेवायचा, मेणबत्ती लावायची, समुद्र पाहत दशम्या खायच्या आणि त्याच संध्याकाळी मागे फिरायचं. मुंबईत एकच दिवस, कारण बाबांनी तेवढाच दिला होता. विहिरीवर मोट बाबा हाकायचे आणि वाफ्यांना पाणी तू फिरवायचीस. "एकच दिस सांगून राह्यलो," बाबा म्हणायचे, "वांगे कोनासाठी थांबत नाई." अकोल्याच्या पलीकडे तू कधी गेली नव्हतीस, पण वांद्र्याच्या पायऱ्या तुझ्या तोंडून मी इतक्यांदा चढले की अजून पाठ आहेत.

पाय केलास तो दिवसही आठवतो. मळ्यातली काळी माती भिजवून परातीत घेतलीस, माझा पाय मांडीवर ओढून धुतलास आणि मातीत दाबलास. त्या ठशात वाटीतलं पातळ मेण ओतलंस आणि वरचा भाग हाताने घडवलास. मी म्हटलं, "माय, सरळ कर ना." तू म्हणालीस, "तिले खोटं कायले दाखवाचं? जसा हाये तसाच नेऊ. सरळ तं ते करन." त्या वर्षी धाकटा पोटात होता, जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी बाबांना टायफॉइड. त्याच्या पुढच्या वर्षी विहीर आटली. दरवर्षी तू सुताने माझा पाय मापायचीस, तो वाढलेला असायचा. मेणाचा पाय वितळवून, नवं मेण घालून पुन्हा मापाचा करायचीस. नवसाचा पाय तंतोतंत मापाचाच हवा, हे तुला कोणी सांगितलं होतं? नर्सबाईने तर नाही. तिची बदली झाली होती, विचारायला कोणी नव्हतं, आणि तुझ्या डोक्यात एकदा बसलं की बसलं.

चौथ्या वर्षी सगळं जुळून आलं. चैत्र होता, मी दहा वर्षांची. बाबांनी होकार दिला, आत्या धाकट्याला सांभाळायला आली, तू दशम्या केल्यास. मी विचारलं, "तिथं सगळे पाह्यतात का पाय?" "पाह्यतात तं. ढीग राह्यते म्हने." "माहाही?" "मंग? तुहा तं वेगळाच दिसन." तू लाडाने म्हणालीस, माय. पण शाळेत मला काय म्हणायचे ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं. मुंबईचे लोक सरळ पायांच्या ढिगातून तो एक वाकडा उचलून बघताहेत, एवढंच मला दिसायला लागलं.

तू संध्याकाळी बाजारातून आलीस, कोनाड्यातलं फडकं उघडलंस, आणि आत मेणाचा गोळा होता. बोटं नव्हती, टाच नव्हती. तू तो चुलीच्या उजेडात फिरवून पाहिलास. नंतर म्हणालीस, "म्याच चुलीजवळ ठेवला. तिच्या मनात नसन." बाबा म्हणाले, दुसरा कर. तू नको म्हणून मान हलवलीस. दोन दिवस आपण घरीच दशम्या खाल्ल्या. वांद्र्याचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस. तो गोळा तू कुंकवाच्या पेटीत ठेवलास, आणि रोज सकाळी त्यातलं बोटाला लागेल एवढंच मेण कपाळाला लावून वर कुंकू टेकवायचीस. शेवटपर्यंत तुला तेवढं पुरलं. मी रोज समोर बसून वेणी घालून घेत होते.

चुलीने काही केलं नव्हतं, माय. त्या दुपारी, तू बाजारात असताना, तो पाय मी गोठ्याच्या उन्हाने तापलेल्या टिनाच्या पत्र्यावर नेऊन ठेवला होता. वितळताना पाहत उभी राहिले, आणि गोळा गार झाल्यावर फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवला. माउलीने तुला नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा तोंडाशी आलेलं गिळलं. पाय तसाच राहिला, त्यावर संसार झाला, लेक झाली, त्याचं मला दुःख नाही. तू समुद्र पाहिला नाहीस, याचं आहे.

आज लेक ऑफिसला गेली होती तेव्हा दुपारी मी बाजारच्या मेणबत्त्या वितळवून पाय केला. काळी माती इथे कुठली, कुंडीतली घेतली. सुताने मापला, तुझ्यासारखाच. पाय फडक्यात आणि फडकं हे लिहितेय त्याच कागदात बांधून नेणार आहे. पाय तिथे ठेवीन, कागद परत आणीन. आणि आता सांगतेच आहे तर हेही सांगते. आज पहिल्यांदा केला तो सरळ केला होता. कोणी बघत नव्हतं तरी. मग वितळवून पुन्हा केला, जसा आहे तसा.