तिसऱ्या वेळचं रक्त

दि. ४ ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू फुटतं आणि तू घाबरतेस, म्हणून लिहायला बसले. बावीस आठवडे झाले. मी ठीक आहे, बाळ ठीक नाही. माझा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा बापावर गेलेला, पॉझिटिव्ह. माझं रक्त बाळाच्या रक्ताला परकं समजतंय आणि त्याच्या लाल पेशी मोडतंय. सोनोग्राफीत बाळाच्या डोक्यातल्या रक्ताचा वेग मोजला. रक्त पातळ झालं की जोरात धावतं म्हणे. आमचं फारच धावतंय.

उपाय आहे. माझ्या पोटातून सुई घालून नाळेच्या शिरेत बाळाला रक्त द्यायचं, दर दोन-तीन आठवड्यांनी. हे पडले लिफ्टचे मिस्त्री. सुई केवढी, हलली तर काय, आत दिसतं कसं, असं विचारून विचारून त्यांनी डॉक्टरीणबाईंचं डोकं उठवलं.

मग बाईंनी मला विचारलं, आधी कधी दिवस गेले होते का. खोटं बोलवेना. तीन वर्षांपूर्वी तुझ्याकडे असताना पोटातलं गेलं, ते सांगितलं. तेव्हाच एक इंजेक्शन घेतलं असतं तर हे टळलं असतं, असं त्या म्हणाल्या. यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी मला ऊन पाणी आणून दिलं.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.
तुझी,
धाकटी

दि. ९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र दुकानातच फोडलं. समोर एक आजोबा नवा चष्मा घालून बसले होते, त्यांची काडी मी उलटी पिळली. ते म्हणाले, पोरी, तुलाच चष्मा लावायची वेळ आली.

जिवाला लावून घेऊ नको म्हणतेस. त्या दिवशी दवाखान्यात जाऊ या असं तू दोनदा म्हणालीस. मीच म्हणाले, तिसराच महिना आहे, निसर्गानं सोडवलंय, चार दिवस पडून राहा. जावईबापूंना सांगू नकोस, हेही मीच शिकवलं. लोक काय म्हणतील याची मला भीती, आणि भोग तुझ्या वाट्याला. मला शहाणपणा सांगायची फार हौस, तो नेमका तिथेच आडवा आला.

मला माफ करशील का? हातातलं काम सोडून लिहितेय, अक्षर लागत नसेल तर जावईबापूंना वाचायला दे. आता त्यांच्यापासून काय लपवायचं!
जीव तुझ्याकडेच लागलेली,
ताई

दि. २ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्या वेळचं पार पडलं. बाळ हलू नये म्हणून आधी त्यालाच इंजेक्शन दिलं. मग पडद्यावर सुई दिसली, नाळेशी थबकली आणि आत गेली. रक्त किती द्यायचं? दोन घोट पाण्याएवढं! तेवढ्यासाठी खोलीत सहा माणसं श्वास रोखून उभी. संध्याकाळी बाळानं अशी लाथ मारली की यांचा हात उडाला. हे हसले, तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

कालचं दुसऱ्या वेळचंही नीट झालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आत्ता मागू नकोस. आत्ता मला फक्त बाळाचं सुचतंय.

शाळेतून माझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांनी चित्रं काढून पाठवलीत. एकानं माझं पोट टेकडीएवढं काढलंय. कौतुक तर करावंच लागणार.
आठवण काढत राहा,
धाकटी

दि. २० ऑक्टोबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आठ दिवस माझ्या उशाशी होतीस, पण तू विचारलं नाहीस आणि मला सांगवलं नाही. तुझी गाडी पोचायच्या आधीचं आज लिहिते.

तिसऱ्या वेळीही सुई नीटच गेली होती. काढल्यावर नाळेतून रक्त यायला लागलं. एरवी ते मिनिटभरात थांबतं, या वेळी थांबेना. पडद्यावरचे ठोके मलाही मोजता येतील इतके सावकाश झाले. बाईंनी नुसती मान हलवली आणि पलंग पळवतच पलीकडच्या खोलीत नेला. कुणी काही चुकवलं नाही, ताई. पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. वजन किलोभर. पुन्हा रक्त दिलं, श्वास यंत्रानं दिला.

एकोणीस तास ती होती. हे काचेच्या पेटीत हात घालून बसले होते. तिनं त्यांचं बोट धरलं, की बोट नुसतंच तिच्या मुठीत राहिलं, हे सांगता येत नाही असं म्हणतात. दुपारी नर्सनं तिला माझ्या छातीवर ठेवलं. कान यांच्यासारखे, जरा पुढे आलेले. तिथेच ती गेली. त्यानंतर तासाभरानं तू दारात उभी राहिलीस.

आता तुझा प्रश्न. माफ केलं असं लिहायला चार वेळा घेतलं, चारही कागद फाडले. राग आहे. तुझ्यावर आहे, दोनदा म्हणून तिसऱ्यांदा न म्हणणाऱ्या माझ्यावरही आहे. कधी जाईल ठाऊक नाही. पण तू पत्रं थांबवलीस तर तो जायची वाटच बंद होईल, एवढं कळतं.

इथे सगळे मायेनं बोलतात, झालं ते झालं, पुन्हा होईल. सगळ्यांच्या तोंडी ‘ते’. कुणी ‘ती’ म्हणत नाही. तू निदान तिचे कान तरी पाहिलेस. पुढच्या पत्रात मला तिच्याबद्दल लिही. चार ओळी लिही, पण ‘ती’ म्हण.

तुझी,
धाकटी