ठोकळ्यांची जीप

११ मार्च २०१९, सोमवार

बाहेरून कडी लागली. साडेआठ. आता संध्याकाळी सहापर्यंत मी आणि या दोन खोल्या!

"बाबा, राग धरू नका," शकू जाताना म्हणाली. लेक कामावर, जावई काळुराम धाटावला कंपनीत. मागच्या महिन्यात कोणाला न सांगता पेणची एसटी धरायला निघालो आणि रोह्याच्या स्टँडवर पडलो. तेव्हापासून ही कडी. पडण्याचं काही नाही, पण चार माणसांनी उचलून घरी आणलं त्याची लाज वाटते.

भाद्रपदात अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण भाडेकरूसारखा, ऐकत नाही. हे डाव्याने लिहितोय. कोंबडीने उकिरडा उकरावा तसं अक्षर.

चाळीस वर्षं त्या उजव्या हाताने पेणच्या आमच्या कारखान्यात गणपतींचे डोळे काढले. आखणी म्हटली की रघूच, असं गिऱ्हाइकं म्हणायची. आता कारखाना धाकटा भाऊ जगन बघतो आणि मी भिंत बघतो.

१४ मार्च

काळुरामने भला मोठा खोका आणला. खेळण्यातले ठोकळे! ते जोडून जीप करायची — चारी चाकांनी दगडधोंड्यांवर चढणारी, मोटार, बॅटरी, रिमोट सगळं आत. बोटांना चालना मिळेल असं व्यायामवाल्या मॅडम म्हणाल्या म्हणे. बासष्टाव्या वर्षी खुळखुळा!

शकूने अट घातली. "ही गाडी उजव्या हाताने पुरी करा, चालवून दाखवा. मग गणपतीच्या सीझनला मी स्वतः तुम्हाला पेणला सोडते."

शब्द दिलास हं, म्हटलं.

१५ मार्च

दिवसभरात सहा पिना बसल्या. दोन पलंगाखाली गेल्या.

२३ मार्च

खोक्यातल्या पुस्तकात एक अक्षर नाही, नुसती चित्रं. तीनशे बारा पायऱ्या. मी अकरावीवर.

जगनचा फोन. "आखणीला हमरापूरचा एक जण बघितलाय, दादा. तात्पुरता हाय."

तात्पुरता! पडवीवर जगनने तात्पुरता घातलेला पत्रा वीस वर्षं झाली तिथेच आहे.

२ एप्रिल

खरं लिहितो, इथे कोण बघतंय? आजपासून डाव्याने जोडतोय. उजव्याच्या भरवशावर राहिलो तर हा सीझन गेलाच, पुढचाही जाईल. शकू यायची वेळ झाली की उजवा हात गाडीवर ठेवून बसतो. तीही खूश होते. चोर आहे मी!

१९ एप्रिल

खालचा सांगाडा तयार. मोटारीतून दांडा निघतो, दांड्यावर दातेरी चाकं, त्यातून चारही चाकांना फिरकी. करणाऱ्याचं डोकं मानलं. पण फटी किती! ठोकळ्या-ठोकळ्यात फट, दाता-दातात फट. सांध्यावर केसाएवढी फट दिसली तर आमचे वडील अख्खी मूर्ती पुन्हा करायला लावायचे. मला बघवेना.

खोली रंगवताना भिंतीच्या भेगांत भरून उरलेली लांबी मोरीजवळ सापडली. पाण्यात कालवली आणि सगळे सांधे बुजवले. वाळल्यावर वर पॉलिश पेपर मारला. आता बोट फिरवलं तरी सांधा कळत नाही. असं काम पाहिजे!

२० एप्रिल

बटण दाबलं. मोटार नुसती घुंई करत राहिली. चाकं ढिम्म. मग जळका वास.

काळुरामने गाडी उलटी करून बघितली आणि फरशीवर बसून हसत सुटला. "मामा, लांबी भरलीत व्हय? अवो, मशीनला फट लागते! फट नाय तर फिरणार कशी?"

चाळीस वर्षं फटी बुजवण्यात गेली. हे कोणी सांगितलंच नाही. मीही हसलो. मग न्हाणीत जाऊन दार लावून रडलो.

२४ एप्रिल

चार दिवस एकच काम. लांबी ओली करायची आणि दाता-दातातून सुईने काढायची. मोटार वाचली, नशीब.

आज दुपारी एकाएकी लक्षात आलं — सुईचं टोक हलत नाही! कोपर मांडीला टेकलेलं, श्वास धरलेला, अगदी आखणीला बसायचो तसा बसलो होतो. आणि हात डावा!

घाबरून सुई खाली ठेवली.

५ मे

जीप चालली!! पाट चढली, दोन उश्या चढली. दाराला जाऊन थडकली. मागे घेतली, पुन्हा थडकवली. दहा-बारा वेळा तरी.

समोरच्या धोंडुबाई बाहेरून ओरडल्या, "काका, काय झालं वो? कोण ठोकतंय?"

"गाडी," म्हटलं. त्यांचं दार धाडकन लागलं. डोक्यावर परिणाम झाला वाटलं असेल.

९ मे

राहवलं नाही. शकूचा काजळाचा बारीक ब्रश घेतला आणि जीपच्या दोन पांढऱ्या दिव्यांवर डोळे काढले. पहिला कोणालाही जमतो. दुसरा पहिल्याशी जुळला पाहिजे, नाहीतर नजर फुटते. जुळला.

शकू आली आणि दारातच थांबली. "बाबा, ही बघतेय!" मग हळूच विचारलं, "उजव्याने?"

खोटं बोलवलं नाही. "डाव्याने. गाडीपण डाव्यानेच केली."

तिने भाकऱ्या जोरजोरात थापल्या. जेवताना म्हणाली, "महिनाभर डॉक्टरांना सांगत होते मी, बाबांचा हात सुधारतोय म्हणून." पेण रद्द. तिचं चुकलं असं कुठल्या तोंडाने म्हणू?

तरी फोटो काढून जगनला पाठवला तिनेच.

१० मे

जगनचा फोन. "डोळे झकास हायत, दादा. पन गाडीचेच काढ. देवाला डावा हात नाय चालत. तुला काय मी सांगायला पायजे?"

नकोच सांगायला. आमच्या कारखान्यातला कारागीर कान्हू डावखुरा होता. हात असा की बघत राहावं. एकदा आखणीला बसला तर मीच त्याला उठवलं, सगळ्यांच्या देखत. "देवाचे डोळे डाव्याने काढतोस?" म्हणून. नंतर चार वर्षं तो नुसते मूर्तींखालचे पाट रंगवत होता, मग गेला सोडून. तेव्हा काय वाटलं असेल त्याला? आज दिवसभर त्याचा चेहरा समोर आहे.

१७ मे

उकाडा. काही नाही.

२६ मे

जीप कपाटावर ठेवायला सांगितली शकूला. गाडी सारखी माझ्याकडे बघते. हमरापूरवाल्याची आखणी एव्हाना निम्मी झाली असेल. जगन फोन करत नाही, मीही करत नाही.

८ जून

सकाळी सातला जगनचा फोन. "हमरापूरवाल्याची नजर जुळंना. टेम्पो निघालाय, दादा. पन्नास गनपती धाडलेत, डोळ्यांशिवाय. कंच्या हातानं काढतोस त्ये मला सांगू नको."