उलटे ओघळ

सोमवार, ६ ऑगस्ट
आलं: सिनेमा कंपनीचं खोकं एक. आत चित्र एक, बिनचौकटीचं. (चौकट आपली होती!) ह्यांचे ब्रश सात. नेले होते नऊ. सिनेमाचे फुकट पास दोन. हमाली चाळीस. पंचवीस सांगून चाळीस घेतले मेल्यानं.
पण ठमी घरी आली! आठ महिन्यांनी.
चित्र भिंतीला टेकवलं, ह्यांना हाताला धरून नेलं. उजेड-सावलीपलीकडे आता काही दिसत नाही त्यांना. कडेकडेनं अंगठा फिरवला. चारी बाजूंनी. मग पुन्हा एकदा. मी म्हटलं, "अहो, तीच ना?" म्हणाले, "तीच. दुसरी कोण असणार?"
ठमीचा फोटो नाही. शाळेत काढणार होते, मी पैसे दिले नाहीत. पुढच्या वर्षी काढू म्हटलं. पुढचं वर्ष पोरीला मिळालंच नाही. ती गेल्यावर ह्यांनी आठवून आठवून काढलं, ते हे. एवढंच आहे.

मंगळवार, ७ ऑगस्ट
ह्यांनी पाकीट मागितलं. कला-दिग्दर्शकाचे आभार मानायचेत म्हणे. "सांगा, मी लिहिते." — "नको. डोळे गेलेत, हात आहेत अजून!" चिकटवलंसुद्धा स्वतःच. वन्सं आल्या होत्या, जाताना टपालात टाकायला त्यांच्याकडे दिलं.

गुरुवार, ९ ऑगस्ट
वन्संबरोबर सिनेमा पाहिला. चोरांची टोळी संग्रहालयातलं चित्र पळवते, जागी नक्कल टांगते. मग खरं कुठलं आणि खोटं कुठलं, चोरांनाच कळेना! खरं म्हणून आपली ठमी. खोटं म्हणून ह्यांनी तिच्यावरूनच काढलेली दुसरी. ह्यांचं शेवटचं काम ते. तेव्हा थोडं दिसायचं. ठमीला उलटं टांगायचे, आणि कोऱ्या कॅनव्हासवरही उलटीच उतरवायचे. "सरळ ठेवली की बघते माझ्याकडे, हातच चालत नाही," म्हणायचे. कंपनीला दहादा बजावलं होतं, फाडायची ती नक्कल.
शेवटी लठ्ठ साहेब शिडीवरून कोसळतो नि डोकं चित्रातून आरपार! ठमीच्या तोंडाच्या जागी त्याच्या मिशा. सगळं थेटर हसलं. वन्सं माझ्या मांडीवर थापा मारत होत्या. मीही हसले. खरी घरात सुखरूप आहे म्हणून पोट धरून हसले. किती वर्षांनी!

रविवार, १२ ऑगस्ट
शेजारच्या मास्तरांकडून वर्तमानपत्रं आणून ह्यांना वाचून दाखवली. एक लिहितो, चोरी फसते आणि विनोद त्याहून फसतात. दुसरा म्हणतो, घरच्या सगळ्यांना घेऊन जा. मास्तरांचं तिसरंच — "अर्ध्यापर्यंत मी घोरत होतो, पुढं बायको म्हणाली तुमच्या हसण्याची लाज वाटते."
एकानं शेवटी एक ओळ घातलीय: 'सिनेमा विसरतो, चित्रातली मुलगी विसरत नाही.'
"पुन्हा वाच," हे म्हणाले. तीनदा वाचली. ह्यांचं नाव कुठंच नाही.

शुक्रवार, १७ ऑगस्ट
चौकटीसाठी सुतार आला. हे न्हाणीघरात होते. त्यानं माप घेता घेता कडेकडे पाहिलं. "बाई, वरची बाजू कुठली धरू?"
"अहो, डोकं दिसत नाही का?"
"दिसतंय हो. पण हे ओघळ बघा. सगळे डोक्याकडे निघालेत. रंग काय वर चढतो होय?"
मी पाहिलं. बोट लावलं. वाळून टणक झालेले, हाताला लागतात.
उलटी टांगून काढलेली ही. नक्कल.
थेटरात फाटली ती माझी ठमी. आणि मी हसले होते.

शनिवार, १८ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं नाही. सकाळी विचारलं, "ठमी पुसलीस का?" पुसली म्हटलं. मी देवापुढे बसले, पण तोंडातून नाव निघेना. आजवर ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते.

गुरुवार, २३ ऑगस्ट
ह्यांचं पाकीट परत आलं. वर शेरा, पत्ता वाचता येत नाही. मागं आपला पत्ता होता. पाकिटं आणली की मीच लिहून ठेवते. फोडलं. ओळीवर ओळ चढलेली. लावून लावून वाचलं.
'तुम्ही पाठवलेली नक्कल आहे. हात लावला तेव्हाच कळलं. खरी फाटली असेल तशी पाठवा, चिंध्या का होईनात. बायकोला कळू देऊ नका. पोर घरी आली म्हणून ती खूश आहे.'
हे आत झोपलेत.
नवं पाकीट घेतलं. पत्र तेच घातलं. पत्ता ठळक अक्षरात लिहिला. पत्राखाली तेवढ्या दोन ओळी माझ्या: हमाली पडेल ती देऊ. उलट टपाली कळवावे.