मोरीत बसलेला चुना

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

हौदाची भेग मीच बुजवली आणि चुना आणि विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, कालवलेलं घमेलं मोरीत धुतलं. मोरी तुंबली. उद्या वडिलांचं श्राद्ध, ब्राह्मण हातपाय कुठे धुणार? चुना मऊ व्हावा म्हणून दिवसभर पाणी ओतत राहिलो. शेवटी गवंडी बोलावला. तो हसतच सुटला.

"पाणी काहून पाजून राहिले त्याले, संपादकसाहेब? सुरखीचा चुना पाण्यातच पक्का होते. विहिरी बांधतो आमी यानं!"

"आता हे छापा," ही आतून म्हणाली.

छिन्नीनं गोळा फुटला, पाणी गेलं. पण चुना पाण्यात घट्ट होतो तो कसा? विचारलं.

"मले काय मालूम? बाप करे तसं करतो."

उद्या पिंड ठेवताना मीही तेच सांगेन, कोणी विचारलं तर.